कासव पेठेतली बाग

लोरियाना प्यानिजानीने चौतीस वर्षं तोरीनो शहराचं पाणी तपासलं. पाण्यात नायट्रेट पन्नास मिलिग्रॅम आहे की एकावन्न, या एका मिलिग्रॅमपायी तिने दोन अभियंत्यांशी अबोला धरला होता. त्यातला एक वारला, तेव्हाही आकडा आपलाच बरोबर होता हे तिने मनातल्या मनात पुन्हा एकदा तपासून घेतलं होतं. जे मोजता येत नाही ते आहे असं धरून चालू नये, असं ती प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांना सांगायची. निवृत्तीनंतर ऐकायला कुणी उरलं नाही, तेव्हा ती तिच्या मित्राला, तुल्लियोला सांगू लागली.

तुल्लियोला ते सांगण्याची गरजही होती. मीठ सांडलं की अपशकुन टळावा म्हणून तो त्यातलं चिमूटभर डाव्या खांद्यावरून मागे टाकायचा. त्याच भीतीने टोपीही कुणाला पलंगावर ठेवू द्यायचा नाही. लोरियाना हसायची, आणि तो बिचारा टोपी उचलता उचलता ओशाळायचा.

अशा या बाईने बासष्ट वर्षांत स्वतःच्या जन्मगावातल्या वनस्पती उद्यानात एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं. कारण एवढंच की ते उद्यान कासव पेठेत होतं.

सिएनात सतरा पेठा. लोरियाना गोगलगाय पेठेतली, आणि गोगलगाईचं वैर कासवाशी. कुठल्याही जीवशास्त्राच्या पुस्तकात या वैराची नोंद नाही. दोघांतलं कुणी दुसऱ्यावर चाल करून निघालंच, तर पोचेपर्यंत भांडण कशावरून होतं ते विसरायला पुरेसा वेळ मिळावा. हे सगळं लोरियानाला शाळेपासून कळत होतं, आणि कळून काडीचाही फरक पडला नव्हता. दोन जुलैला आणि सोळा ऑगस्टला मोठ्या चौकात घोड्यांची शर्यत होते, आणि तिच्या आधीचे काही दिवस वैरी पेठांची माणसं एकमेकांच्या गल्लीत फिरकत नाहीत. लोरियानाच्या वडिलांनी हा नियम घरापुरता बारमाही केला होता. ‘झाडं बघायचीत? परसात अंजीर आहे, ते बघ,’ असं ते म्हणायचे. विद्यापीठात पहिल्या वर्षी वनस्पतिशास्त्राचा वर्ग त्या बागेत भरायचा. लोरियानाने वाळवलेल्या पानांवर अभ्यास भागवला आणि पुढे रसायनशास्त्र घेतलं. रसायनं कुठल्याच पेठेत नसतात.

तोरीनोला गेल्यावर हे सगळं मागे पडलं असं ती सांगायची. दरवर्षी दोन जुलैला आणि सोळा ऑगस्टला ती ‘भावाला भेटायला’ सिएनाला जायची. भावाला भेटायला नेमके हेच दोन दिवस का, हे तुल्लियोने कधी विचारलं नव्हतं.

तुल्लियो जिराउदो तोरीनोच्या सार्वजनिक बागांचा मुख्य माळी होता. आता सहासष्ट वर्षांचा, विधुर, उजव्या गुडघ्यातली कूर्चा झिजलेला. वनस्पती उद्यानं एकमेकांना टपालाने बिया पाठवतात. तशा सिएनाहून त्याला अकरा वर्षं बोरीच्या बिया आल्या होत्या. तोरीनोच्या थंडीत दहा वर्षांच्या मेल्या, अकराव्या वर्षाची एक रुजली. ती बोर आता दुमजली घराएवढी झाली होती. तिची आई बघायची, एवढंच त्याचं सिएनातलं काम होतं.

एप्रिलमध्ये त्याने लोरियानाला विचारलं, ‘माझ्याकडे राहायला येतेस? लग्नही करू, तुझी हरकत नसेल तर.’

‘आधी माझं गाव बघ,’ ती म्हणाली होती. ‘मग सांगते.’

माणूस नव्या जागी कसा वागतो यावरून बरंच कळतं, असा तिचा हिशेब होता. परीक्षा कुणाची आहे हे तिला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं.

तुल्लियोने तिला चकित करायचं म्हणून आपल्या मनाने तिकिटं काढली: सत्तावीस आणि अठ्ठावीस जून. शर्यतीच्या ऐन तोंडावर. लोरियानाने तारखा पाहिल्या. तेव्हाच खरं काय ते सांगून टाकता आलं असतं. ती म्हणाली, ‘छान.’

*

‘अगं, ती काचेची खोली दिसतेय, ती बागेतलीच ना?’

तुल्लियो गाल्गानोच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा होता. गाल्गानो हा लोरियानाचा धाकटा भाऊ, पेठेच्या मंडळातला वजनदार माणूस. त्याचं घर सान मार्को रस्त्यावर, म्हणजे गोगलगाईच्या अगदी पोटात. खिडकीखाली जैतुनाची उतरण, तिच्यापलीकडे समोरच्या चढावर बाग.

‘असेल,’ लोरियाना म्हणाली.

‘असेल म्हणजे? पाटीसुद्धा दिसतेय. दहा मिनिटांत पोचू.’

‘दिसतं जवळ. मध्ये दरी आहे.’

‘मग वळसा किती पडतो?’

‘तुझ्या गुडघ्याला झेपणार नाही इतका.’

गाल्गानोने कॉफीत बुडवलेलं बिस्किट तसंच धरून ठेवलं. ते तुटून कपात पडलं. त्याने बहिणीकडे पाहिलं, मग कपाकडे, आणि चमच्याने बिस्किट काढायला लागला.

लोरियानाला आपल्या वाक्याचं कौतुकच वाटलं. त्यात खोटं असं काहीच नव्हतं. गुडघा होता, दरी होती, वळसाही होता. फक्त तो वळसा तिला घालायचा होता.

मग दिवसभर तिने तुल्लियोला गाव दाखवलं. कासव पेठ गावाच्या एका कोपऱ्यात आहे. ती टाळायला फार लांब जावं लागू नये. पण लोरियाना काटेकोर बाई. हद्दीपासून तिने दोन गल्ल्यांचं अंतर राखलं, जसं विहिरीपासून सांडपाण्याचं राखतात. त्यामुळे कॅथेड्रलला ते मागच्या बाजूने गेले, आणि कॅथेड्रलसमोरच्या जुन्या इस्पितळातली चित्रं बघायला आधी खाली उतरून मग पुन्हा वर चढले. प्रत्येक वळणावर ती गुडघ्याचं नाव घ्यायची. ‘इकडून जाऊ, इथे पायऱ्या कमी आहेत.’ ‘तिकडचे दगड गुळगुळीत आहेत, तुझ्या गुडघ्याला नको.’ ‘मनोरा राहू दे. चारशे पायऱ्या आहेत, तुझा गुडघा—’

‘मी मनोऱ्याचं बोललोच नव्हतो,’ तुल्लियो म्हणाला.

मोठ्या चौकात शर्यतीसाठी पिवळी माती टाकून ठोकत होते. तुल्लियोने वाकून चिमूटभर उचलली आणि बोटांत चुरडली.

‘यात काही उगवायचं नाही,’ तो ठोकणाऱ्या कामगाराला म्हणाला.

‘इथे उगवायचं नसतं, काका,’ कामगार म्हणाला. ‘इथे आपटायचं असतं.’

तुल्लियो मनापासून हसला. त्या दिवसातला तो त्याचा शेवटचा हसरा क्षण, हे लोरियानाच्या नंतर लक्षात आलं.

दुपारी तीनच्या सुमाराला रानडुकराचं मुंडकं टांगलेल्या खाटकाच्या दुकानावरून ते तिसऱ्यांदा गेले.

‘हे डुक्कर आता मला ओळखायला लागलंय,’ तुल्लियो म्हणाला.

‘तशी बरीच दुकानं आहेत इथे.’

‘डाव्या कानाला टाका घातलेल्या डुकराची?’

एकदाच गणित चुकलं. उन्हाने डोकं भणभणलं होतं, तो बोलत नव्हता म्हणून तीही बोलत नव्हती, आणि भानावर आली तेव्हा समोर सान्त’अगोस्तीनोची कमान होती. कमानीच्या भिंतीवर तळहाताएवढी चिनी मातीची फरशी, फरशीवर कासव. तिच्याखाली बाणाची पाटी: वनस्पती उद्यान, दोनशे मीटर.

‘दोनशे मीटर,’ तुल्लियो म्हणाला.

‘चढ बारा टक्के आहे.’

‘मला तर उतार दिसतोय.’

‘येताना चढच होणार ना?’

त्याने पाटीकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे. ‘बरं,’ म्हणाला आणि वळला.

लोरियानाने सुटकेचा श्वास टाकला. चौतीस वर्षं पाण्यातला दहा लाखांत एक भाग ओळखणाऱ्या बाईला त्या ‘बरं’मध्ये काय होतं ते ओळखता आलं नाही.

*

ते तिला सहा वाजता कळलं. सान मार्कोच्या वेशीबाहेर बुटकी भिंत आहे, तिथे दोघं ग्लास घेऊन बसले होते. गाल्गानो मंडळाच्या बैठकीला गेला होता.

‘एप्रिलमध्ये मी जे विचारलं होतं ना,’ तुल्लियो म्हणाला, ‘ते राहू दे.’

‘म्हणजे?’

‘आज दिवसभर बघत होतो. प्रत्येक पावलाला तू आधी माझ्या गुडघ्याला विचारत होतीस. तुझं चांगलंच आहे, तू मनापासून करतेस. पण एका दिवसात एवढं, तर वर्षाला किती? तूच मोजून बघ.’ त्याने ग्लास भिंतीवर ठेवला. ‘मला बायको हवी होती, लोरियाना. परिचारिका नको. आणि तुलाही बासष्टाव्या वर्षी रुग्ण कशाला?’

खरं सांगायला एकच वाक्य पुरलं असतं: गुडघ्याचं काही नव्हतं, मला त्या गल्लीत जायचं नव्हतं. चार सेकंदांचं काम. तिने सेकंदही मोजले आणि वाक्यही जुळवलं. मग तिच्या डोळ्यांसमोर तुल्लियोचा चेहरा आला, मीठ मागे टाकताना ओशाळलेला. आणि त्या चेहऱ्यावर हसणारी आपण. आता हसायची पाळी त्याची. एखादा माणूस गमावण्यापेक्षा त्याने आपल्याला हसणं जास्त भयंकर वाटावं, हे तिला स्वतःलाच पटण्यासारखं नव्हतं. तरी ती म्हणाली, ‘गार व्हायला लागलंय. आत जाऊ या.’

जूनचा शेवट होता. भिंत अजून चटके देत होती.

*

सकाळी ती उठून स्वयंपाकघरात आली, तर टेबलावर चिठ्ठी. ‘बागेत जातोय. माझ्या चालीने जाईन. तू भावाशी गप्पा मार. दुपारच्या गाडीच्या आत येतो.’

गाल्गानो पाव आणायला गेला होता. खिडकीच्या कट्ट्यावर त्याची दुर्बीण होती. समोरच्या पेठेत कोण येतं, कोण जातं हे बघायला ती बारा महिने तिथेच असते. असल्या हेरगिरीवर लोरियानाने त्याला कितीदा तरी बोल लावले होते. आता तिने ती उचलली.

बागेत पांढरी टोपी दिसली. सावकाश, पायरी पायरी करत खाली उतरत होती. मध्येच थांबली, मान वर झाली, टोपी मागे पडली. मग तुल्लियो दोन पायऱ्या एकदम उतरला आणि खाली बसला. लोरियाना वाट बघत राहिली. तो उठला नाही. त्याने एकदा उठायचा प्रयत्न केला, पुन्हा बसला, आणि हात गुडघ्यावर धरून तसाच राहिला.

त्यानंतर तिने जे केलं त्यात विचार नव्हता. ती जिना उतरली, सान मार्को रस्ता चढली आणि सरळ कमानीकडे निघाली. जवळची वाट तिला ठाऊक होती. टाळायची म्हटली की वाट नीट माहीत असावी लागते. कमानीखाली मात्र तिचे पाय थांबले. तिने थांबवले नव्हते, आपसूक थांबले. विजेचा झटका दिला की मेलेल्या बेडकाचा पाय आखडतो, तसे. ‘मूर्ख,’ ती पायांना म्हणाली. समोरून येणारा एक गृहस्थ थांबला आणि दुखावल्या चेहऱ्याने तिच्याकडे बघू लागला. मग ती पळत सुटली.

बागेच्या फाटकासमोरच्या दारात एक बाई निळ्या-पिवळ्या कापडाला अस्तर लावत बसली होती. तिने मान वर केली, आणि सुई हातात तशीच ठेवून लोरियानाच्या मागोमाग आत आली.

तुल्लियो बोरीच्या झाडाखाली पायरीवर बसला होता. बागेचा माळी शेजारी उकिडवा बसून त्याचा पाय धरून होता.

‘मोडला का?’ लोरियाना धापा टाकत म्हणाली.

‘अडकलाय. सरळच होत नाहीये,’ माळी म्हणाला. ‘हे वर झाडाकडे बघत उतरत होते.’

‘बोर सापडली,’ तुल्लियो म्हणाला. ‘पायरी नाही सापडली.’ मग लोरियानाकडे बघून, ‘तू कशाला आलीस? एवढा मोठा वळसा घालून.’

‘कसला वळसा?’ मागून ती शिवणवाली म्हणाली. ‘सान मार्कोहून सात मिनिटं. माझी सासू काठी टेकत दहा मिनिटांत— थांब, थांब. तू प्यानिजानीची लोरियाना ना?’

लोरियानाने डोळे मिटले. ‘आर्जिया.’

‘अगं बाई! आणि अशी? एका पायात तुझी चप्पल, दुसऱ्यात बाप्याची!’

लोरियानाने खाली पाहिलं. दुसरी गाल्गानोची होती.

‘तुम्ही ओळखता एकमेकींना?’ तुल्लियोने विचारलं.

‘पाच वर्षं एका बाकावर होतो,’ आर्जिया म्हणाली. ‘रसायनशास्त्राची उत्तरं मला हीच दाखवायची. मेअखेरपर्यंत. जून लागला की वही झाकून घ्यायची. परीक्षा असायची जूनमध्ये. दोनदा नापास झाले मी हिच्यापायी.’

‘जूनमध्ये का?’

‘का म्हणजे? जुलैत शर्यत नसते का? गोगलगाय कासवाला जूनमध्ये उत्तर दाखवेल होय?’

वरच्या भिंतीपलीकडे सान मार्कोची घरं दिसत होती. तुल्लियोने तिकडे पाहिलं, मग फाटकाकडे, मग पुन्हा घरांकडे. बागा आखणारा माणूस. अंतर नजरेने मोजायचं हा त्याचा धंदाच होता.

‘सात मिनिटं,’ तो म्हणाला.

लोरियानाने हजारो अहवाल लिहिले होते. आधी निरीक्षण, मग कारण, मग निष्कर्ष. एकाही अहवालाने तिला असा घाम फोडला नव्हता.

‘गुडघ्याचं काही नव्हतं,’ ती म्हणाली. ‘पेठेचं होतं. ही यांची पेठ आहे. मी इथे येत नाही. कधीच आले नाही, आज पहिल्यांदा. शर्यत चार दिवसांवर आली की तर नाहीच नाही.’

‘घोड्यांची शर्यत? ती तू म्हणाली होतीस, लोकांची जुनी करमणूक?’

माळी आणि आर्जिया, दोघांनी एकदमच लोरियानाकडे पाहिलं.

‘तसं म्हणाले होते,’ लोरियाना पुटपुटली.

‘मी मीठ टाकलं की तू हसायचीस.’

‘हो.’

‘टोपीवरून हसायचीस.’

‘टोपीवरून दोनदा.’

‘पाचदा.’

‘पाचदा,’ ती म्हणाली. आकड्यावरून तिने माघार घ्यायची ही पहिलीच वेळ होती.

‘ते सोड. हसलीस ते हसलीस.’ तुल्लियोचा आवाज बारीक झाला. ‘काल त्या भिंतीवर बसून मी सगळं मोडून टाकलं. एका गुडघ्यापायी. रात्रभर मला वाटत होतं, आपण म्हातारे झालो. आणि तुला ठाऊक होतं की तसं नाहीये. तरी तू गप्प बसलीस.’

‘बसले.’

‘का?’

‘वाटलं, तू मला हसशील.’

आर्जियाने सुई ब्लाउजच्या गळ्याला टोचून ठेवली. ‘हसायचं काय आहे त्यात? अहो, ऐका. तुम्ही कुठले?’

‘तोरीनो.’

‘मग तुम्हाला नाहीच कळायचं. आली नाही ते बरोबरच केलं हिने. यायचंच नसतं! आली कशी, हे विचारा. चार दिवसांवर शर्यत, आणि ही बाई आमच्या रस्त्यातून, दिवसाढवळ्या, सगळ्या खिडक्या उघड्या असताना, पळत आली. माझा नवरा उद्या छाती धरून सान मार्कोत पडला, तर मी जाईन का?’

‘जाशील की,’ माळी म्हणाला.

‘रुग्णवाहिका बोलवीन,’ आर्जिया ठामपणे म्हणाली.

तुल्लियो बराच वेळ लोरियानाच्या पायांकडे बघत होता. एक चप्पल तिची, एक गाल्गानोची. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. काल कामगाराच्या बोलण्यावर हसला होता तसाच, मनापासून. लोरियाना ज्या हसण्याला कालपासून घाबरत होती ते हेच. आणि तिला असा हलकेपणा वाटला की तीही पायरीवर बसली, कासवाच्या पायरीवर, अगदी बैठक मारून.

*

आर्जियाने घरातून बर्फ आणला आणि शिवणातल्या उरलेल्या पट्ट्यांनी तो गुडघ्यावर बांधला. पट्ट्या निळ्या-पिवळ्या होत्या, कासव पेठेच्या रंगाच्या. ‘दुसरं कापड नाही घरात,’ ती म्हणाली; तिचा चेहरा बघता ते तितकंसं खरं नव्हतं. डॉक्टर सान मार्कोच्या बाजूला बसतात, तेव्हा तुल्लियोला तिकडे न्यायचं ठरलं. आर्जियाच्या नवऱ्याने स्वयंपाकघरातली हाताची खुर्ची आणली.

तेवढ्यात लोरियानाचा फोन वाजला.

‘लोरी, तू कुठे आहेस ते सांगू नकोस,’ गाल्गानो म्हणाला. ‘मला दिसतंय. पाच डोकी आहेत, त्यांतली तीन कासवं.’

‘तुल्लियोचा पाय अडकलाय. कुणाला तरी घेऊन कमानीपाशी ये.’

‘कमानीच्या अलीकडे की पलीकडे?’

‘अलीकडे, गाल्गानो. तुला कोण पलीकडे बोलावतंय?’

माळी आणि आर्जियाचा नवरा तुल्लियोला खुर्चीसकट उचलून रस्त्याने निघाले. मागे लोरियाना, तिच्यामागे आर्जिया. खिडक्यांतून माणसं ओणवली होती. ‘काय गं आर्जिया, गोगलगाय पकडलीस?’ एकीने वरून विचारलं. ‘स्वतःहून आली,’ आर्जिया म्हणाली. ‘पळत!’ पळणारी गोगलगाय ही कल्पना गल्लीला फार आवडली. ती एका खिडकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत पोचवली गेली. लोरियानाचे कान तापले होते. तरी तिने मान खाली घातली नाही. खाली घातली असती तर चपला दिसल्या असत्या.

कमानीखाली दोन्ही वाहक अचानक थांबले आणि त्यांनी खुर्ची जमिनीवर ठेवली. पुढे गोगलगाईची हद्द. कमानीपलीकडे गाल्गानो शेजारच्या बेकरीवाल्याला घेऊन उभा होता. त्यानेही खुर्ची आणली होती.

‘पुढे आणा की,’ लोरियाना माळ्याला म्हणाली.

‘आम्ही?’ माळी म्हणाला. ‘आज?’

‘मग गाल्गानो, तू ही खुर्ची उचल.’

‘त्यांची खुर्ची?’ गाल्गानो म्हणाला. ‘सान मार्को रस्त्याने?’

कुणी आवाज चढवला नाही. सगळे अगदी सभ्यपणे उभे होते, आणि कुणीच तसूभर हलणार नव्हतं. तुल्लियो एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. शेवटी गाल्गानोने आपली खुर्ची पुढे सरकवली, हद्दीच्या जेमतेम आत. आर्जियाच्या नवऱ्याने आपली अर्धा हात पुढे ढकलली. आता दोन खुर्च्या समोरासमोर होत्या आणि मध्ये एका माणसाला उभं राहण्यापुरती जागा.

‘तेवढं एक पाऊल यांना टाकू दे,’ बेकरीवाला म्हणाला.

‘आणि ती पट्टी सोड आधी,’ गाल्गानो म्हणाला. त्याची नजर गुडघ्यावर खिळली होती.

‘सोडणार नाही. सूज चढेल.’

‘लोरी, रंग बघ तिचा!’

‘रंगाने सूज चढत नाही, गाल्गानो. पट्टी सोडली तर चढते.’

गाल्गानोने जाकीट काढलं आणि तोंड फिरवून तिच्या हातात दिलं. तिने ते तुल्लियोच्या गुडघ्यावरून गुंडाळलं. मग त्याच्या काखेत खांदा घालून त्याला उठवलं. तो चांगला जड होता. एक पाय टेकलेला, एक अधांतरी, एक हात तिच्या मानेभोवती, असा तो त्या मधल्या जागेत उभा राहिला. दोन्ही बाजूंनी माणसं जमली होती.

‘आत्ता मी कुणाच्या पेठेत आहे?’ त्याने हळूच विचारलं.

लोरियानाने खाली पाहिलं. ‘सांगता येत नाही. टाच त्यांच्यात आहे.’

‘काल मी जे मागे घेतलं, ते परत पुढे करता येतं का?’

‘येतं.’

‘मग करतो. पण एक अट. मीठ सांडलं तर मी टाकणार, आणि तू हसणार नाहीस. आणि जून लागला की तुला जे काय करायचं असेल ते तू करायचंस, फक्त मला सांगून. माझ्या गुडघ्यावर ढकलायचं नाही.’

‘या दोन झाल्या,’ लोरियाना म्हणाली.

‘लोरियाना.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘दोन्हीला हो. आणि त्या एप्रिलच्यालाही.’

‘काय म्हणाली?’ मागून आर्जियाने विचारलं.

‘हो म्हणाली,’ तिचा नवरा म्हणाला.

‘कशाला?’

‘लग्नाला असावं.’

कासवाच्या बाजूने टाळ्या पडल्या. वरच्या खिडक्यांतही बातमी लागलीच पोचली. गोगलगाईची बाजू गप्पच राहिली. त्यांना नीट ऐकूच आलं नव्हतं.

‘लोरी,’ गाल्गानोचा चेहरा लाल झाला होता, ‘घरातली गोष्ट, आणि ती आधी यांना सांगितलीस?’

‘मी तुल्लियोला सांगितली.’

‘पण ऐकली यांनी! आता आपल्याच घरची बातमी मला कासवांकडून—’

‘गाल्गानो,’ तुल्लियो म्हणाला, ‘हे आपण बसून बोलू या का? माझा एकच पाय जमिनीवर आहे.’